नसलेल्या दोरीची रस्सीखेच

गेल्या ५ नोव्हेंबरला आमच्या गावात मराठी रंगभूमी दिन झाला. नटराजपूजन, नांदी, बालनाट्य स्पर्धेचं बक्षीस वाटप आणि अध्यक्षीय भाषण, असा दरवर्षीचा क्रम. अध्यक्ष होते एक निवृत्त मुख्याध्यापक. नाटकावर मनापासून प्रेम करणारा माणूस, पंचाहत्तरीतही आवाज खणखणीत, माइक नसता तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता. त्यांनी भाषणाचा मोठा भाग मुलांच्या शिबिरांतून चालणाऱ्या 'इम्प्रोव्हायझेशन'च्या खेळांवर खर्च केला. म्हणणं असं: हे परदेशी खूळ आहे. गाण्यात आधी तालीम आणि मग उपज. इथे मात्र मुलांना पहिल्या दिवसापासून मनाला येईल ते बोलायला सांगतात. त्यातून बेशिस्त वाढते, भाषा बिघडते. आणि आत्मविश्वास, सर्जनशीलता वगैरे जे काही वाढतं म्हणतात, त्याला पुरावा काय?

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या वर्गाला येणाऱ्या दोन मुलांचे वडीलही होते. मी बावीस वर्षं मुलांबरोबर हेच खेळ खेळतो आहे. पण सभेत अध्यक्षांना उलट बोलायची आपल्याकडे रीत नाही. आभारप्रदर्शन होतं आणि सगळे बटाटेवड्याकडे वळतात. म्हणून हे लेखी उत्तर.

परदेशी खुळाचं आधी बघू, कारण तो मुद्दा त्या दिवसाच्या तारखेलाच अडखळतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आपण हा दिवस पाळतो. त्या नाटकाची संहिता शोधायला गेलं तर हाती काय लागतं? पदं. ती भाव्यांनी रचली होती आणि सूत्रधार ती म्हणत असे. पद संपलं की पात्रं पुढे येऊन त्याच्या अनुरोधाने आपापली भाषणं आयत्या वेळी करत. गद्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. राक्षसपार्टी 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत रंगमंचावर येई आणि पुढे जे सुचेल ते बोले. म्हणजे ज्यांच्या नावे आपण नटराजाला हार घालतो, त्या भाव्यांची पात्रं इम्प्रोव्हायझेशनच करत होती. छापलेली, पाठ करायची नाटकं मागाहून आली. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' १८६१चं. अशा नाटकांना त्या काळचे लोक 'बुकिश' म्हणत. शब्द कुठल्या भाषेतला आहे ते पाहिलं की परदेशाहून काय आलं याचा उलगडा होतो.

तळकोकणात अजूनही दशावताराच्या आधी आज कुठलं आख्यान लावायचं आणि कुणी कुठला पार्ट करायचा एवढंच ठरतं. पुढचे संवाद देवळासमोर, रात्रीच, उभ्या उभ्या जन्माला येतात. पेटाऱ्यात मुकुट असतात, तलवारी असतात. पाठ करायची वही नसते. तमाशातली बतावणी, वगातल्या सोंगाड्याचं बोलणं, भारूड करता करता समोर बसलेल्या पाटलाला काढलेला चिमटा, हे कुठल्या विलायती पुस्तकातून आलं? भाव्यांच्या धर्तीच्या नाटकांत पुढे आरडाओरडा आणि तोचतोपणा वाढला, बुकिश नाटकांनी मराठी रंगभूमीचं भलं केलं, हे मला मान्य आहे. देवल, गडकरी, तेंडुलकर मला पानोपानी लिहिलेलेच हवेत. फक्त लिहिलेलं ते आपलं आणि न लिहिलेलं ते परकं, ही वाटणी इतिहासाला धरून नाही.

गाण्याचा दृष्टान्त मात्र वजनदार आहे. मी स्वतः तो अनेक वर्षं टाळत आलो, हे कबूल करून टाकतो. आठ वर्षांच्या मुलाला तानपुऱ्यासमोर बसवून 'चल, यमनात काय सुचतं ते गा' असं कुठलाही गुरुजी म्हणणार नाही. आधी स्वर, मग पलटे, मग बंदिश, आणि खूप नंतर केव्हातरी उपज. मग नाटकातच ही घाई कशाला?

कारण राग ही कुणाचीच मातृभाषा नसते. तिचं व्याकरण बाहेरून, हळूहळू, कान पिळून शिकावं लागतं. नाटकाचा कच्चा माल काय आहे? बोलणं, चालणं, मागणं, रुसणं, लपवणं, थाप मारणं. सहा वर्षांच्या मुलाची यात सहा वर्षांची कडक तालीम झालेली असते. ते दिवसाकाठी शेकडो वाक्यं बोलतं, आणि त्यातलं जवळजवळ एकही त्याने पाठ केलेलं नसतं. चार वर्षांची मुलगी भातुकलीत रिकामी कपबशी पुढे करते. पाहुण्याने ती सरळ तोंडाला लावली की म्हणते, 'अहो, थांबा, गरम आहे!' या चार शब्दांत काय काय आहे बघा. नसलेला चहा आहे, त्या चहाचा चटका आहे, आणि समोरच्याची जीभ भाजेल ही काळजीही आहे. मोठ्या नटांना हे परत मिळवायला वर्षं घालवावी लागतात.

आणि उपजेचंच म्हणाल, तर गवयाला ती एकट्याला थोडीच सुचते? तबलजी समेवर भेटणार ही खात्री असते म्हणून तो लांबवर जाऊन येतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

यावर अध्यक्षांनी विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांनी विचारला नाही, म्हणून मीच विचारतो. भातुकलीत हे सगळं फुकट मिळतं तर वर्ग कशाला? एक म्हणजे, ते टिकत नाही. तिसरी-चौथीच्या आसपास मुलाला 'चुकणं' नावाची वस्तू पक्की कळलेली असते, आणि रिकामी कपबशी पुढे करायची त्याला लाज वाटू लागते. दुसरं, भातुकलीत एक खोट आहे. ज्याची खेळणी त्याचं राज्य. धाकट्याने कायम बाळ व्हायचं, घरात जी दबलेली असते तिने कायम कामवाली व्हायचं. वर्गातल्या खेळाला नियम असतो, तो सगळ्यांना सारखा असतो, आणि कोण काय होणार हे खेळण्यांच्या मालकीवर ठरत नाही.

आता पाठांतरातून येणाऱ्या आत्मविश्वासाबद्दल, ज्याला आपल्याकडे 'स्टेज डेअरिंग' असा झकास शब्द आहे. मी त्याच कारखान्यातून निघालेला माल आहे. चौथीत मी दिवाकरांची एक नाट्यछटा करून पहिला आलो. आईने महिनाभर आरशासमोर उभं करून बसवली होती. 'आकाश' म्हटलं की उजवा हात वर, 'हृदय' म्हटलं की छातीवर, तिसऱ्या परिच्छेदाला डोळे मोठे. ती नाट्यछटा कशाबद्दल आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पाचवीत पुन्हा उभा राहिलो, नवी नाट्यछटा घेऊन. मध्येच माइक किंचाळला, मी दचकलो आणि पुढचं वाक्य गेलं. ब्लँक. परीक्षक पेन हातात धरून वाट पाहत होते, विंगेतून बाई ओठ हलवत होत्या, ते मला वाचता येईनात. नाट्यछटेत आपण एका माणसाशी बोलत असतो, तो समोर असल्याचं भासवायचं असतं. त्या क्षणी मला त्या माणसाची फार गरज होती आणि तो तिथे नव्हता. मी नमस्कार करून खाली उतरलो. पुढची चार वर्षं स्टेजवर गेलो नाही.

या गोष्टीत दोष दिवाकरांचा नाही आणि आईचाही नाही. मला मिळालेला आत्मविश्वास त्या दोन पानांपुरता होता, एवढंच. पानं हरवली की तोही हरवला.

बेशिस्तीचा आरोप मात्र मला समजूच शकत नाही. ज्यांनी तो केला त्यांनी एकही तास शेवटपर्यंत बसून पाहिलेला नसावा. दहा मिनिटं दारातून डोकावलं तर गोंधळ दिसतो, हे खरं. म्हणून एक खेळ जवळून दाखवतो. रस्सीखेच. दोन बाजूंना पाच-पाच मुलं, मध्ये खडूची रेघ, आणि दोरी नाही. दोरी आहे असं सगळ्यांनी मानायचं आणि ओढायचं.

पहिल्यांदा नेहमी एकच होतं. दहाही मुलं दात-ओठ खाऊन मागे जातात. दोन्ही संघ मागे! दोरी रबराची होऊन आठ फूट ताणली जाते. कुणाच्या मुठीत ती हाताच्या पंजाएवढी जाड असते, कुणाच्या मुठीत सुतळीएवढी. एकाची कमरेशी, शेजारच्याची खांद्याशी. दोन्ही संघ 'आम्ही जिंकलो' म्हणून नाचतात. मी ओरडत नाही, फक्त विचारतो, 'दोऱ्या किती होत्या?' थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एखादी बारीक आवाजात म्हणते, 'दहा.'

दुसऱ्या खेपेला ती एकमेकांकडे बघायला लागतात. मी बाजूने एवढंच म्हणत राहतो: 'दोरीकडे बघा. एकच दोरी.' समोरचा मागे झुकला की आपल्याला पुढे ओढलं जायलाच हवं, हे पायांना कळायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला, रोज नाही पण बऱ्याचदा, ती दोरी खरी होते. आमच्या हॉलची फरशी गुळगुळीत आहे, सतरंजी गुंडाळून ठेवलेली असते. पुढचा मुलगा रेघेपर्यंत खरोखर घसरत येतो, टाचा रोवतो, मागच्या चौघांचे खांदे एकदम ताठ होतात. एकदा एका संघाने आपसात काही न बोलता दोरी एकाच क्षणी सोडून दिली, आणि समोरचे पाचही जण ढुंगणावर आपटले. नसलेली दोरी सुटली म्हणून.

या खेळात पंच नसतो. कोण हरलं हे सांगायला दोरीच नाही. तेव्हा दोन संघांपैकी एकाला, समोरच्याचा जोर पाहून, स्वतःहून हरावं लागतं, आणि तेही आपण हरलो हे खोटं वाटू न देता. दहा वर्षांच्या मुलांना हे जमतं तेव्हा मला कवायतीच्या मैदानावरची शिस्त फार स्वस्त वाटते. तिथे शिट्टी असते. इथे दहा जणांनी मिळून एक न दिसणारी गोष्ट सांभाळायची असते, आणि एकाने जरी लबाडी केली तरी ती सगळ्यांच्या हातून जाते.

हा खेळ माझा नाही. व्हायोला स्पोलिन नावाच्या अमेरिकन बाईंच्या 'इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर' या १९६३च्या पुस्तकात तो आहे, त्यात असे दोनशेहून जास्त खेळ आहेत. बाईंचा जन्म १९०६चा, शिकागोतला. शिक्षण झालं नीवा बॉइड यांच्या हाताखाली, हल हाउस या वस्तीकेंद्रात. जेन अ‍ॅडम्स यांनी स्थलांतरितांच्या वस्तीत चालवलेलं हे केंद्र. पुढे मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून स्पोलिनबाई शिकागोच्याच वस्त्यांमधल्या मुलांची नाटकं करू लागल्या. निरनिराळ्या देशांतून आलेल्या घरांतली मुलं. एकाची घरची भाषा दुसऱ्याला कळत नाही, शाळेची कुणालाच धड येत नाही. त्यांना संहिता देऊन काय करणार? त्यातून हे खेळ घडत गेले. त्यांच्या मुलाने, पॉल सिल्सने, पुढे १९५९मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'सेकंड सिटी' ही विनोदी नाटकमंडळी काढली आणि इम्प्रोव्हला मोठ्यांच्या करमणुकीत नाव मिळालं, ती कथा वेगळी. मुळात हे औषध भाषेने मुक्या केलेल्या मुलांसाठी होतं.

आणि म्हणूनच भाषा बिघडते या तक्रारीचा मला राग येतो. कुठली भाषा? दोन वर्षांपूर्वी वर्गात सहावीतली एक मुलगी होती. आईवडील कामासाठी माणदेशातून आमच्याकडे आलेले. शाळेत 'अबोल' हा शेरा. पहिले तीन रविवार तिने नाव सांगण्यापलीकडे तोंड उघडलं नाही. चौथ्या रविवारी बडबडभाषेचा खेळ होता. अर्थ नसलेल्या आवाजांत बोलायचं, समोरच्याने हावभावांवरून समजून घ्यायचं. त्यात चूक काढायला शब्दच नसतो. ती पाच मिनिटं एका मुलाशी भांडली. कशावरून ते आम्हाला कळलं नाही, पण तो मुलगा शेवटी खिशातून नसलेले पैसे काढून देऊन मोकळा झाला. पुढच्या आठवड्यात एसटीचा प्रवेश होता. ती कंडक्टर. कुणी न सांगता तिने बोटांत न दिसणारं तिकीट मशीन धरलं आणि म्हणाली, 'ए म्हातारे, पिशवी घे की मांडीव, मानसं हुबी ऱ्हायल्यात.' हॉल हसला. तिच्यावर नाही, पिशवी घेऊन बसलेल्या म्हातारीवर. ती म्हातारी झालेली मुलगी शहरातल्या मोठ्या शाळेतली होती, आणि तिने लगेच पिशवी उचलून घेतली.

आत्मविश्वास म्हणतात तो मला त्या पिशवीत दिसला. कंडक्टरने सांगितलं आणि म्हातारीने ऐकलं. 'मानसं हुबी' म्हणू नये, 'माणसं उभी' म्हणावं, हे तिला शाळेने सहा वर्षं शिकवलं होतं. पण आपण बोललो तर समोरचं काहीतरी हलतं, हे तिला तोवर कुणी शिकवलेलं नव्हतं. गवयाला जो तबलजी लागतो तो हाच. माझ्या पाचवीतल्या नाट्यछटेत तोच नव्हता. लोक आत्मविश्वासाबद्दल जीवनसत्त्वासारखं बोलतात, मुलात कमी पडलं की बाहेरून द्यायचं. बावीस वर्षांत मला तो एकट्या मुलात कधी सापडलेला नाही. तो दोघांच्या मध्ये असतो, आपण टाकलेलं समोरचा झेलेल या अनुभवातून साठतो. प्रमाण मराठी ती शिकेलच, शिकतेही आहे. बोलणाऱ्या माणसाला भाषा शिकवता येते.

सर्जनशीलतेच्या बाबतीत अध्यक्षांचं अर्धं म्हणणं मी मान्य करतो. मुलांना मोकळं सोडलं की तोंडातून पहिल्यांदा जे पडतं ते बहुतेक भंगार असतं. मुलगे दोन मिनिटांत बंदूक काढतात. 'ठो!' एक मरतो, मग दुसरा, मग मेलेला उठून पुन्हा 'ठो'. मुली मालिकेतली सासू करतात. कुणी रीलमधला संवाद जसाच्या तसा फेकतो. उत्स्फूर्त म्हणजे अस्सल, असा समज करून घेऊन जे शिक्षक याला टाळ्या देतात, त्यांच्याविरुद्ध मी अध्यक्षांच्या बाजूने उभा राहीन.

फक्त इलाज पाठांतर नाही. इलाज असा, की 'ठो' करणाऱ्याला थांबवायचं नाही, विचारायचं: 'बंदूक जड आहे का?' तो हात जरा खाली आणतो. 'कुठून आणलीस?' आता त्याला ठरवावं लागतं. एकाने सांगितलं, आजोबांच्या पेटीतून. 'पेटी कुठाय?' पलंगाखाली. मग तो खरंच वाकला, नसलेली पेटी ओढली, कडी गंजलेली होती म्हणून ती त्याला उघडेना, आणि ज्याला मारायचं होतं तोच शेजारी बसून कडी ओढू लागला. बंदूक शेवटपर्यंत निघाली नाही. निघाल्या त्या आजोबांच्या कवळ्या. हे कुणाला सुचलं म्हणाल? त्या दोघांनाही सांगता आलं नाही. बाजूने असे बारीक प्रश्न टाकत राहण्याला साइडकोचिंग म्हणतात, आणि तिथेच शिकवणाऱ्याचा कस लागतो. मुलाला मोकळं सोडून कल्पना फुटत नाही, तिला पेटीची गंजकी कडी लागते.

राहिला पुरावा. मागणी रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. टोरांटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर एक प्रयोग केला, तो २००४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना पाहायचं होतं संगीत. काहींना वर्षभर कीबोर्ड, काहींना गायन, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक थोडा जास्त वाढला. नाटकाची मुलं केवळ तुलनेसाठी घेतलेली होती, आणि त्यांच्यात जे आढळलं ते संगीतवाल्यांत नव्हतं: इतरांशी मिळून मिसळून वागण्यात ठळक सुधारणा. त्याआधी, २०००मध्ये, हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोमधून अ‍ॅन पॉडलोझनी यांनी वर्गातल्या नाट्यावरचे ८० अभ्यास एकत्र तपासले. गोष्ट करून पाहणाऱ्या मुलांचं आकलन आणि तोंडी भाषा सुधारते, आणि करून न पाहिलेल्या नव्या मजकुरालाही त्याचा फायदा होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भाषा बिघडते म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मात्र हा अभ्यास ज्या मोठ्या प्रकल्पाचा भाग होता त्यात, कला शिकल्यामुळे सर्जनशीलतेच्या चाचण्यांत मुलं पुढे जातात, हे कार्यकारण सिद्ध झालं नाही. म्हणून मी माझ्या वर्गाच्या पत्रकावर 'सर्जनशीलता वाढवा' असं छापत नाही.

छापणारे पुष्कळ आहेत, आणि इथे मला माझ्याच व्यवसायबंधूंशी भांडायचं आहे. उन्हाळा आला की फलक लागतात: दहा दिवसांत आत्मविश्वास, शेवटच्या दिवशी भव्य सादरीकरण, प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि व्हिडिओ. 'हो, आणि' हे इम्प्रोव्हचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. समोरच्याने जे दिलं ते स्वीकारा आणि त्यात भर घाला. सूत्र चांगलं आहे. पण हे सांगणारे पाचव्या दिवशी 'बेस्ट अ‍ॅक्टर ऑफ द डे' काढतात, आणि सहाव्या दिवसापासून मुलं समोरच्याकडे बघायचं सोडून सरांकडे बघायला लागतात. स्पोलिनबाईंनी पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात शाबासकी आणि नापसंती या दोघींना उत्स्फूर्ततेच्या वाटेतला मोठा अडसर म्हटलं आहे. पुस्तक न वाचता खेळ उचलले की असं होतं. शेवटच्या दिवसाच्या सादरीकरणासाठी तेच इम्प्रोव्हायझेशन चार दिवस घोटून घेतात, म्हणजे शेवटी पाठांतरच, फक्त लेखकाशिवाय.

खेळ म्हटला की तो निरागसच, असंही समजू नये. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७चं. त्यातली पात्रं वेळ घालवायला म्हणून खोटा खटला मांडतात, कुणाकडे संहिता नसते, ज्याला जे सुचेल ते बोलतो, आणि नायिका बेणारे त्यात पुरती सापडते. प्रत्येक इम्प्रो घेणाऱ्याने ते नाटक वर्षातून एकदा वाचावं. माझ्याच वर्गात एका वर्षी एका सावळ्या मुलाला चार रविवार ओळीने चोर, नोकर, हमाल अशीच कामं इतर मुलांनी देऊ केली. तो हसत हसत करत होता, 'हो, आणि' म्हणत होता. माझ्या लक्षात यायला चार रविवार लागले. पाचव्या रविवारी मी खेळ बदलला, त्याला राजा करून चिठ्ठ्या टाकल्या, वगैरे. पण ते चार रविवार माझ्या खात्यावर आहेत. जे मोठ्या माणसाच्या नजरेखाली होऊ शकतं ते कुणी न बघता काय होत असेल, याचा विचार करून मगच असे वर्ग काढावेत.

इतकं असूनही मी खेळांच्या बाजूने आहे, आणि पाठांतराच्या विरोधात नाही. आमची मुलं दिवाळीनंतर लिहिलेलं नाटक करतात, शब्दाला शब्द. फक्त ती समोरच्याचं ऐकून बोलतात, त्यामुळे कुणी वाक्य विसरलं तर दुसरा त्याला हळूच पुढच्या वाक्यावर आणून सोडतो, आणि प्रेक्षकांना कळतही नाही. गेल्या स्पर्धेत असं दोनदा झालं. त्याच स्पर्धेत, जिचं बक्षीस वाटप अध्यक्षांनी केलं. आमचा तिसरा नंबर आला, आणि परीक्षकांनी 'पाठांतर उत्तम' असा शेरा दिला.

तेव्हा अध्यक्षमहाशयांना माझी विनंती आहे. पुढच्या ५ नोव्हेंबरला बक्षीस वाटपाच्या आधी अर्धा तास मुलांना रंगमंच रिकामा द्यावा. परीक्षक नकोत, व्हिडिओ नको, पडदा ओढलेला चालेल. त्यांना एक आख्यान सांगावं, सीतास्वयंवरच सांगावं, पात्रं वाटावीत आणि भाव्यांच्या नटांसारखं त्यांचं त्यांना बोलू द्यावं. आणि तोवर थांबायचं नसेल तर येत्या रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या हॉलवर यावं. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि बसायला खुर्ची मिळत नाही. एका संघात सध्या एक माणूस कमी आहे.